'फक्त बसवायचं होतं' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला, फोटोही नीट पाहिले. एक स्टार द्यायचा की पाच, तो तुमचा हक्क. पण जुना ट्रक पुन्हा उभा करायला निघालेले बाकीचे लोकही हे वाचतात, म्हणून फोनवर न बोलता इथेच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: छताच्या अस्तराचं आणि आतल्या पॅडचं किट तुम्ही तयार आणून दिलं होतं, फक्त बसवायचं होतं, तरी आम्ही गाडी अडकवून ठेवली. गंजाचं काम काढून बिल वाढवलं. किटसोबतचा चिकटवायचा स्प्रे सोडून दुसरं सोल्युशन वापरलं. मागच्या काचेच्या वर दोन्ही कोपऱ्यांत सुरकुत्या आहेत. आणि दरवाजांचे पॅड सीटच्या रंगाशी जुळत नाहीत.

किट म्हणजे शिवलेलं रेक्झिन आणि कापलेले हार्डबोर्ड. ते ज्या पत्र्यावर बसायचं त्याची अवस्था किट बनवणाऱ्याला कुठून कळणार? अलीकडच्या गाड्यांना साच्यातून काढलेला एकसंध बोर्ड असतो. तो वर टेकवला, क्लिपा दाबल्या, झालं. तुमच्या ट्रकचं तसं नाही. त्याच्या छताखाली आडव्या पोलादी कमानी आहेत. अस्तराच्या मागे परकराला असतात तसे नेफे शिवलेले असतात. प्रत्येक कमान आपल्या नेफ्यातून ओवायची आणि तिची दोन्ही टोकं केबिनच्या बाजूच्या पट्टीतल्या भोकांत अडकवायची. कमानींचा बाक एकसारखा नसतो. पुढची मागे गेली की मध्ये अस्तर लोंबतं आणि कडेला शिवण तटतटते. त्यातून पट्टीला प्रत्येक जागी एकापेक्षा जास्त भोकं. एक भोक वर-खाली झालं तरी ताण बदलतो.

म्हणूनच अस्तर काढतानाच प्रत्येक कमानीवर नंबर टाकतात आणि डाव्या-उजव्याची खूण करतात. तुमची गाडी आमच्याकडे आली तेव्हा कमानी आधीच निघालेल्या होत्या आणि सुतळीने बांधून सीटमागे ठेवलेल्या होत्या. जुनं अस्तर तुम्ही टाकून दिलं होतं. ते कितीही कुजकं असलं तरी नवीन बसेपर्यंत कुणीही टाकू नये, कारण नेफ्यांमधलं अंतर आणि कमानींचा क्रम त्याच्यावरच वाचता येतो. ते नसल्यामुळे सगळ्या कमानी आधी अस्तराशिवाय लावल्या, लांब पट्टी आडवी-उभी टेकवून बाक जुळवला, मग काढल्या आणि अस्तरासकट पुन्हा लावल्या. तुम्ही म्हणता तो 'नुसता वेळकाढूपणा' बराचसा इथे गेला.

आता गंज. कमानी तपासायला वर दिवा धरला तर छताच्या कडेने तपकिरी पापुद्रे सुटलेले दिसले. बाहेरच्या पन्हळीच्या सांध्यातलं सीलर वाळून भेगाळलं होतं आणि पाणी तिथून आत झिरपत होतं. बाहेरून रंग चकचकीत असल्यामुळे हे दिसत नाही, पण आतून स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं की पापुद्रा हातात येत होता. यावर अस्तर ताणलं असतं तर त्या दिवशी तुम्ही खूश होऊन गाडी नेली असती. पुढच्या पावसाळ्यात शिवणींवर डाग उमटले असते आणि रेक्झिनमागे साचलेल्या ओलीने पत्रा आणखी खाल्ला असता. आम्ही फोटो काढून तुम्हाला पाठवले, खर्च लिहून कळवला आणि 'करून टाका' असा तुमचा मेसेज आल्यावरच घासायला घेतलं. बिल वाढलं हे खरं. न विचारता वाढलं हे मात्र खरं नाही.

त्याच ओघात किटमधला तागाचा थरही आम्ही लावला नाही, तो गुंडाळून तुमच्या गाडीतच ठेवला आहे. एकदा गळालेल्या छताखाली ताग नको, तो पाणी धरून ठेवतो. त्याऐवजी पत्र्याचा दणदणाट दाबायला ब्यूटाइलचे, म्हणजे जड चिकट रबराचे, तुकडे आणि त्यावर पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम लावला. ब्यूटाइल सगळीकडे का नाही, असं तुम्ही लिहिलंय. गरजच नसते. पत्र्याचा साधारण 25 ते 30 टक्के भाग झाकला की त्याचं थरथरणं थांबतं. त्यापुढे नुसतं वजन वाढतं, तेही डोक्यावर.

सोल्युशनचं सांगतो. उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा 70 अंशांपर्यंत तापू शकतो. हस्तकलेच्या कामाचा साधा स्प्रे तेवढ्यात मऊ पडतो आणि ताणलेली कड हळूहळू सरकते. आम्ही उष्णता सोसणारं सोल्युशन ब्रशने दोन्ही बाजूंना लावतो आणि बोटाच्या पाठीला चिकटेनासं झालं की मगच दाबतो. एकदा दाबलं की ते सोडत नाही, त्यामुळे आधी सगळी कड क्लिपांवर धरून ठेवायची. मधून पुढे-मागे ताण द्यायचा, मग बाजू, आणि सगळं सरळ दिसल्यावर एकेक क्लिप काढत चिकटवायचं.

सुरकुत्यांची तक्रार मला सगळ्यात जास्त लागली, कारण त्या आहेत, आणि का आहेत हे गाडी नेताना तुम्हाला दाखवलं होतं. मागच्या कोपऱ्यात पत्रा दोन दिशांना वळतो. तिथे रेक्झिन गरम करून ताणावं लागतं, कडेला छोटे काप द्यावे लागतात आणि ती कड काचेच्या रबराखाली जावी लागते. तुमचं मागचं रबर कडक होऊन तडकलेलं होतं आणि नवीन यायचं होतं. तुम्हाला गाडी मेळाव्याला न्यायची होती. शेवटचे काप देऊन टाकले असते तर नवीन रबरासाठी काच पुन्हा काढताना कड सुटली असती आणि धरून ओढायला कापडच उरलं नसतं. म्हणून कोपऱ्यांत जादा कापड मुद्दाम राखून जुनं रबर तात्पुरतं बसवलं. जॉबकार्डवर 'मागचे कोपरे बाकी' असं लिहून त्याखाली तुमची सही घेतली आहे. बाकीच्या छतावर घडीच्या ज्या पुसट रेषा आहेत त्या खोक्यात दुमडून आलेल्या कापडाच्या आहेत. त्या बऱ्याचशा उन्हाने आपोआप जातील, उरलेल्या वाफेने काढू.

पॅडच्या रंगाबद्दल फार लिहीत नाही. सीटच्या शिवणीखालची दुमड उलटून पाहा, आत न उडालेला रंग आहे. पॅड त्याच्याशी जुळतात. सीट वर्षानुवर्षं उन्हात होती. जुळवायचंच असेल तर सीट बदलावी लागेल, आणि शिवणी धड असताना तसं करा असं मी सांगणार नाही. 'पॅडच्या आत प्लास्टिक चिकटवून ठेवलंय' हे मात्र तक्रारीत कसं आलं कळलं नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दरवाजाच्या आत उतरतंच. ते खालच्या भोकांतून निघून जायला हवं. तुमची भोकं मातीने बुजली होती, ती मोकळी केली. प्लास्टिक नसेल तर ते पाणी हार्डबोर्डला लागून तो फुगतो आणि क्लिपा भोकांसकट सुटतात. जुने पॅड खालून पापडासारखे झाले होते ते याच्यामुळेच.

नवीन रबर आलं आहे. गाडी सकाळी आणा. काच काढणं, कोपरे ताणणं, काप देणं आणि काच परत बसवणं हे ठरलेल्या कामातच धरलेलं आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. तोवर कोपऱ्यांवर घरी हेअर ड्रायर फिरवू नका. एकाच जागी उष्णता बसली की रेक्झिन चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

आणखी एक. तुमच्या तिसऱ्या फोटोत सनव्हायजरच्या पट्टीला उंच डोक्याचे नवीन स्क्रू दिसतात. ते आमचे नाहीत, आम्ही जुनेच आखूड स्क्रू वॉशरसकट परत लावले होते. तिथे आतल्या पट्टीत आणि छताच्या पत्र्यात जागा अगदी थोडी आहे. लांब स्क्रूचं टोक पत्र्याला टेकलं की बाहेर रंगावर पुटकुळी उठते, आणि मग ते काम आमच्याकडचं राहत नाही, पेंटरकडे जातं. व्हायजर ढिला वाटला तरी ते स्क्रू आणखी आवळू नका. जमल्यास आजच काढून ठेवा, आखूड आम्ही देतो.