पडण्याचंही सबस्क्रिप्शन

आठवड्याला साडेसहा पौंड. मावशीच्या गळ्यातल्या त्या बटणाचे, पडल्यावर दाबलं की पलीकडून माणूस बोलतो ते. तीन वर्षं फुकट होतं, एप्रिलपासून पैसे. पत्र पाठवलं होतं म्हणे. मावशी कौन्सिलची (म्हणजे इथल्या, इंग्लंडमधल्या नगरपालिकेची) पत्रं उघडत नाही, माझ्यासाठी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवते. शनिवारी डबा उघडला तर एक पत्र, त्याच्याखाली थकबाकीचं दुसरं पत्र, आणि बिस्किट एकही नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कौन्सिलला फोन लावला. ४७ मिनिटं पियानोचं टुणटुण, आणि मध्येमध्ये तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग एक पोरगा आला. ८१ वर्षांच्या बाईला खुशाल पहिल्या नावाने संबोधत (याची मला मुळातच चीड आहे, स्वतःच्या आजीला मारतोस का अशी हाक?) त्याने समजावलं की बटण फुकटच आहे, पैसे आहेत ते बटण दाबल्यावर पलीकडून बोलणाऱ्या माणसाचे. वा रे वा. घंटा देवळाची, देव भाड्याचा!

म्हटलं, अरे, बाथरूममधला धरायचा दांडा तुम्हीच फुकट बसवून दिलात ना? हो, हजार पौंडांच्या आतली तसली कामं केअर ॲक्ट नावाच्या कायद्याच्या नियमांनीच मोफत. मग बटण? ती 'सर्व्हिस' आहे. म्हणजे पडू नये म्हणून धरायचं ते मोफत, आणि तरी पडलीच तर मीटर चालू.

पुढचं तर ऐकाच. सकाळी अंघोळ घालायला बाई येते, तिचे पैसे किती घ्यायचे ते फायनान्शियल असेसमेंटमध्ये, म्हणजे मावशीची मिळकत आणि बचत तपासून, ठरतं. त्या फॉर्मात हा बटणाचा खर्च अपंगत्वामुळे होणारा खर्च म्हणून दाखवता येतो. या खिशातून काढायचे, आणि त्या खिशात थोडे परत मिळावेत म्हणून फॉर्म भरायचा, पावत्यांसकट. बरं, बचत २३,२५० पौंडांच्या वर गेली की तोही प्रश्न मिटला, सगळं स्वतःच भरा. २०१० पासून हा आकडा जागचा हललेला नाही. दूध वाढलं, वीज वाढली, कौन्सिल टॅक्स तर दरवर्षी वाढतो, हा मात्र अंगदाचा पाय.

आणि थांबा, हे बटण ज्या जुन्या फोनलाइनवर चालतं ती जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार, म्हणून डिजिटल डबा बसवायचे वेगळे पैसे. लाइन बंद करा असं मावशीने सांगितलं होतं का? पंचाहत्तरी उलटलेल्यांना टीव्ही बघायचं लायसन्स सरसकट फुकट होतं, ते २०२० मध्ये गेलं. हीटिंगसाठी सरकार म्हाताऱ्यांना पैसे द्यायचं, ते २०२४ च्या हिवाळ्यात बहुतेकांचे काढून घेतले, बोंबाबोंब झाल्यावर पुढच्या वर्षी बऱ्याच जणांना परत दिले. ती आणि काका १९७४ पासून इथे टॅक्स भरतायत. काका तर भरता भरताच गेले.

हे सगळं मी त्या पोराला ऐकवलं. पार ऑफिसच्या किचनमध्ये उभं राहून, इंग्रजीतून सुरू करून मराठीत संपवलं. तो म्हणाला, आणखी काही मदत करू शकतो का?

संध्याकाळी मावशी म्हणाली, "अरे, किती तणतणतोस. बीपी वाढेल, मग तुलाच लागेल ते बटण." आहेच की माझ्याकडे. मनगटावर. चारशे पौंडांचं घड्याळ, गेल्या गणपतीत नारळ फोडताना त्याने मलाच विचारलं, पडलात का? शिवाय दिवाळीपासून पाय न ठेवलेल्या जिमचे महिन्याला ३५ पौंड मी निमूट भरतो. तिथे नाही कधी फोन लावला.

आणि बटण कुठे होतं? देव्हाऱ्याच्या खुंटीला. "अंघोळीत भिजेल ना." मावशी, ते अंघोळीसाठीच आहे गं!

डायरेक्ट डेबिट लावलंय, माझ्या खात्यातून. तिला सांगितलं, भांडलो, फुकट करून आणलं. तिचा चेहरा असा खुलला! म्हणाली, "मग समोरच्या वहिनींनाही एक आणून दे."