पगार सुरू झाला की गृहकर्जाची मदत बंद? ब्रिटनमधला हा नियम २०२३ मध्येच रद्द झाला आहे

ब्रिटनमध्ये घर घेऊन स्थायिक झालेल्या मराठी मंडळींमध्ये एक संदेश वरचेवर फिरत असतो. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी भत्ता, घेणाऱ्याच्या गृहकर्जाचे व्याज सरकार भरते. मात्र घरात एका पौंडाची जरी कमाई आली तरी ती मदत त्याच महिन्यात बंद होते, पुन्हा मिळवण्यासाठी नऊ महिने थांबावे लागते, शिवाय दिलेली रक्कम लगेच वसूल केली जाते. तेव्हा मदत चालू आहे तोवर नोकरीच्या भानगडीत पडू नये, असा त्याचा आशय असतो. यातला शेवटचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण ज्या नियमाच्या आधारावर तो दिला जातो तो नियमच आता अस्तित्वात नाही.

एका पौंडाच्या कमाईने मदत बंद होते, हा पहिला दावा. हा दावा कोणी खोडसाळपणे रचलेला नसावा, कारण २ एप्रिल २०२३ पर्यंत तो शब्दशः खरा होता. सपोर्ट फॉर मॉर्गेज इंटरेस्ट, म्हणजे एसएमआय, या योजनेत युनिव्हर्सल क्रेडिटवर असलेल्या व्यक्तीला किंवा तिच्या जोडीदाराला एखाद्या हिशेबाच्या महिन्यात (भत्ता ठरवण्यासाठी कमाई मोजली जाते त्या महिनाभराच्या काळात) कितीही कमी मजुरी मिळाली तरी त्या महिन्याची मदत जात असे. एवढेच नव्हे, तर सलग नऊ महिन्यांच्या प्रतीक्षेची मोजणीही पुन्हा शून्यापासून सुरू होई, त्यामुळे आठव्या महिन्यात नाताळच्या गर्दीपुरते चार दिवस गोदामात काम केलेल्या माणसाला मागचे सगळे महिने वाया गेल्याचे कळे. इतका अन्यायकारक नियम लोकांच्या लक्षात पक्का बसावा, यात नवल नाही. ३ एप्रिल २०२३ पासून मात्र ही शून्य कमाईची अट काढून टाकण्यात आली आणि प्रतीक्षेचा काळ नऊ महिन्यांवरून तीन महिन्यांवर आणला गेला. तेव्हापासून अट एवढीच आहे की युनिव्हर्सल क्रेडिट सलग तीन महिने मिळालेले असावे. त्या काळात काम केले म्हणून मोजणी मोडत नाही.

याच दाव्याचे जुने रूप 'आठवड्याला सोळा तासांपेक्षा जास्त काम चालत नाही' असे आहे. ती मर्यादा इन्कम सपोर्टसारख्या जुन्या भत्त्यांची होती. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तासांची अशी मर्यादा नाही.

दुसरा दावा असा की पगार वाढेल तशी व्याजाची मदत कापली जाते. येथे दोन वेगळे हिशेब एकत्र केले जातात. पगारानुसार कमी होते ते युनिव्हर्सल क्रेडिट, आणि तेही ठरलेल्या दराने : निव्वळ पगाराच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स. मुले असलेल्या किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता मर्यादित असलेल्या कुटुंबाला त्याआधी काही कमाई माफ असते. भाड्याची मदत न घेणाऱ्यांसाठी, म्हणजे घरमालकांसाठी, ही माफी २०२५-२६ मध्ये महिन्याला ६८४ पौंड होती. समजा, एका मुलाच्या आईने अर्धवेळ नोकरी धरली आणि कर वगैरे जाऊन ९०० पौंड हातात आले. ६८४ वजा जाता २१६ उरतात, त्याचे ५५ टक्के म्हणजे ११८ पौंड ८० पेन्स युनिव्हर्सल क्रेडिटमधून कमी होतील, आणि घरात ७८१ पौंड २० पेन्स जास्त येतील. व्याजाची मदत या गणितात येतच नाही. ती कर्जाची पात्र रक्कम आणि सरकारने ठरवलेला प्रमाणित व्याजदर यांवरून निघते, ती थेट कर्ज देणाऱ्या बँकेकडे जाते, आणि युनिव्हर्सल क्रेडिट चालू आहे तोवर पगारामुळे तिच्यात घट होत नाही. मुले नसलेल्या आणि धडधाकट माणसाला कमाईची माफी नाही, त्याचे ५५ पेन्स पहिल्या पौंडापासूनच कापले जातात, पण व्याजाच्या मदतीला धक्का त्याच्याही बाबतीत लागत नाही.

तिसरा दावा वसुलीचा. नोकरी लागताच सरकार पैसे परत मागते, असे संदेश म्हणतो, तर त्याला उत्तर देणारे काही उत्साही लोक 'हे अनुदान आहे, परत करायचे नसते' असे लिहितात. दोघेही चुकतात. ५ एप्रिल २०१८ पर्यंत ही मदत खरोखरच परत करावी लागत नव्हती. ६ एप्रिल २०१८ पासून ती कर्जाच्या रूपात दिली जाते आणि सात-बाऱ्यावर बोजा चढवावा तशी घरावर तिची नोंद होते. हे पैसे घर विकताना किंवा दुसऱ्याच्या नावावर करताना फेडायचे असतात. नोकरी लागणे हे वसुलीचे कारण नाही. मूळ गृहकर्ज फेडून घराच्या किमतीतून पुरेसे उरले नाही, तर राहिलेली बाकी माफ होते. मात्र या कर्जावर व्याज चढत राहते, आणि मदत बंद झाली तरी जुन्या बाकीवरचे व्याज थांबत नाही. म्हणजे नोकरी नाकारून मदत चालू ठेवणारा माणूस फुकटचे पैसे राखत नसून दर महिन्याला स्वतःच्याच घरावरचा बोजा वाढवतो, हे त्या संदेशात कोठेही नसते.

सरकार हप्ता भरते, हा चौथा समज संदेशात गृहीतच धरलेला आहे. मुद्दल, थकलेले हप्ते आणि विम्याचे पैसे या योजनेत बसत नाहीत. व्याजही युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांना २ लाख पौंडांपर्यंतच्या कर्जावरच मिळते. प्रमाणित दर बँक ऑफ इंग्लंडच्या सरासरी गृहकर्जदरावरून ठरतो, त्यामुळे तुमच्या बँकेचा दर त्याहून जास्त असेल तर फरक तुमच्या खिशातून जातो. केवळ हिशेबापुरते, प्रमाणित दर ३ टक्के आणि तुमचा दर साडेपाच टक्के धरला, तर २ लाखांवर बँकेला महिन्याला सुमारे ९१७ पौंड व्याज हवे आणि सरकारकडून ५०० येणार. उरलेले ४१७ पौंड आणि मुद्दल कोठून आणायचे? जुन्या नियमाने ही तूट कमाईतून भरून काढण्याचा मार्गच बंद केला होता. आता तो खुला असताना लोकांनी जुन्या संदेशावर विसंबून तो वापरू नये, हे मला त्या नियमाइतकेच वाईट वाटते.

मग संदेशात काहीच खरे नाही का? थोडे आहे. कमाई इतकी वाढली की युनिव्हर्सल क्रेडिट शून्यावर आले, तर व्याजाची मदतही धोक्यात येते. दर चार आठवड्यांनी पगार मिळणाऱ्यांनी विशेष सावध राहावे, कारण वर्षात त्यांचे पगार तेरा होतात आणि एका हिशेबाच्या महिन्यात दोन पगार पडतात. २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या निकालानंतर अशा दोन पगारांबाबतच्या नियमात दुरुस्ती झाली, पण ती दरमहा पगार घेणाऱ्यांपुरती. स्वयंरोजगारवाल्यांच्या बाबतीत पहिल्या वर्षानंतर ठरावीक किमान उत्पन्न गृहीत धरले जाऊ शकते, मग प्रत्यक्ष गल्ल्यात काही येवो वा न येवो. मात्र भत्ता शून्य झाल्याचे पत्र आले म्हणून सगळे संपले असे धरून बसू नये. उत्पन्न जास्त असल्यामुळे भत्ता नाकारला गेलेल्या अर्जदाराला, या कर्जापुरता तो भत्ता मिळतो असे मानले जाऊ शकते, हे सरकारच्या स्वतःच्या मार्गदर्शनातच लिहिले आहे. तसे आपल्या बाबतीत होते का, हे युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्ये लेखी विचारावे.

व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी भत्ते घेण्यास मनाई) असा शेरा असलेल्यांना, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आपल्यातल्या बहुतेकांना, युनिव्हर्सल क्रेडिटच मागता येत नाही. त्यामुळे आयएलआर, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी, मिळेपर्यंत ही चर्चा त्यांच्या कामाची नाही, आणि त्याआधी हा भत्ता घेतल्यास व्हिसाच्या अटीचा भंग होतो.