‘२१ दिवसांत स्वतःची ओळख’: एका फॉरवर्डची झडती

जून उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास उगवतो. वर उगवता सूर्य, त्याच्यापुढे पद्मासनातली काळी आकृती आणि खाली: ‘पाच हजार वर्षांपूर्वी पतंजलींनी ८४ आसनं दिली. रोज २० मिनिटं डोळे मिटा, मन निर्विचार करा. २१ दिवसांत तुम्हाला स्वतःची खरी ओळख होईल. ८ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, हे हार्वर्डने सिद्ध केलंय. प्राणायामाने रक्तातला ऑक्सिजन दुप्पट होतो. ध्यान करणाऱ्याला डॉक्टर लागत नाही. पुस्तकं वाचून काही मिळत नाही, अनुभव घ्या.’ शेवटी अर्थातच ११ जणांना पाठवायची आज्ञा.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी सकाळी योगवर्ग घेते आणि आठवड्यातून एकदा आम्ही सात-आठ जण मिळून पतंजलींची योगसूत्रं वाचतो. त्यामुळे हा मजकूर मला चारही दिशांनी येतो आणि ‘ताई, खरंय का हो हे?’ असं विचारणारेही येतात. योग, ध्यान आणि अभ्यास यांमुळे माणूस स्वतःकडे जरा नीट बघायला लागतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच हा मजकूर खटकतो. ज्या परंपरेच्या नावाने तो फिरतो, तिचे ग्रंथ उघडले तर यातली बहुतेक वाक्यं तिथेच अडकतात.

पहिलं वाक्य पतंजलींचं. योगसूत्रं चार पादांत, म्हणजे प्रकरणांत, मिळून १९५, काही प्रतींत १९६. त्यांतली आसनावरची जेमतेम तीन. ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे बसणं स्थिर असावं आणि सुखाचं असावं. पुढच्या सूत्रात ते कसं साधायचं: जोर लावणं सोडून आणि चित्त अनंताकडे लावून. तिसऱ्यात त्याचं फळ: थंडी-ऊन असली द्वंद्वं मग छळत नाहीत. संपलं. सूत्रांत एकाही आसनाचं नाव नाही. पद्मासन, वीरासन, दंडासन ही नावं सूत्रांवरच्या भाष्यात येतात. ८४चा आकडा येतो हठयोगातून. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्माराम सांगतात की शिवाने ८४ आसनं सांगितली, आणि स्वतः वर्णन करतात १५ आसनांचं. घेरंडसंहितेत ती ३२ होतात. काळाचं म्हणाल तर अभ्यासकांच्या तारखा इसवी सनाच्या मागच्या-पुढच्या काही शतकांत फिरतात. पाच हजार वर्षं हा आकडा कुणाच्याच हिशोबात बसत नाही.

आणि जुनं ठरलं तरच खरं, ही खोड कशाला? आज आपण ठरावीक क्रमाने जे सूर्यनमस्कार घालतो, त्यांचा एवढा प्रसार झाला तो औंध संस्थानामुळे. सातारा जिल्ह्यातलं हे औंध. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२०च्या दशकात त्यांचा ध्यासच घेतला आणि शाळाशाळांतून मुलांकडून ते घालून घेतले. शंभर वर्षांचा तो प्रघात पाठीला काही कमी मानवत नाही.

आता २१ दिवस. हा आकडा कुठल्याही ऋषीचा नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की, शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा आपला वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं, चेहरा गळाला, आणि उरलेला आकडा सगळ्या सवयींना चिकटला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी नंतर प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. आणि त्या सवयी होत्या जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडं चालणं असल्या. स्वतःची ओळख त्या यादीत नव्हती.

पतंजली याबाबतीत अगदी कोरडेपणाने बोलतात. अभ्यास पक्का होतो तो ‘दीर्घकाल’, ‘नैरंतर्य’ आणि ‘सत्कार’ यांनी. बराच काळ, खंड न पाडता, आदराने केलेला. त्याच पादात पुढे नऊ अडथळ्यांची यादी आहे: आजारपण, मनाची जडता, संशय, हलगर्जीपणा, आळस, विषयांची ओढ, भलताच समज, पायरी न गाठणं आणि गाठली तरी तिच्यावर न टिकणं. हॉलच्या चाव्या सांभाळणाऱ्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. वर्गात बाविसाव्या दिवशी मला काय ऐकू येतं? ‘ताई, तीन आठवडे झाले, काहीच झालं नाही. मला जमणारं नाही हे.’ आणि तो माणूस पुढच्या सोमवारी येत नाही. फॉरवर्डचं खरं नुकसान हे. तो आळशाला कामाला लावत नाही, चिकाटीच्या माणसाला मात्र नापास करतो.

‘मन निर्विचार करा’ या वाक्यावर जरा जास्त थांबते, कारण सर्वात जास्त लोक इथे घसरतात. डोळे मिटून बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होतं ते बघा. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते. डावा गुडघा कुरकुरतो. गॅस बंद केला का, हा प्रश्न येतो. मग काल फोनवर नणंद जे बोलली ते येतं, आणि तिला जे उत्तर द्यायचं राहिलं तेही. थोड्या वेळाने लक्षात येतं की तेच उत्तर आपण मनातल्या मनात तिसऱ्यांदा रचतोय, आणि दर वेळी ते थोडं जास्त बोचरं होतंय. फॉरवर्डच्या हिशोबाने ही बैठक फुकट गेली. माझ्या मते त्या दिवशीची कमाई तीच. दिवसभर ते वाक्य डोक्यात घोळत असतं, आपल्याला पत्ता नसतो. इथे पत्ता लागला.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन हीच तक्रार करतो: मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड. कृष्ण त्याला ‘तुझं चुकतंय’ म्हणत नाही. शंकाच नाही, म्हणतो, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते हाती येतं. त्याच्या आधीच सांगून ठेवलंय की मन जिथे जिथे धावेल तिथून तिथून त्याला परत आणायचं. धावणार हे गृहीतच धरलेलं आहे. इथे ज्ञानेश्वर अर्जुनाच्या तोंडी घालतात की हे मन केवढं म्हणून बघायला जावं तर सापडत नाही, आणि हिंडायला मात्र त्याला त्रैलोक्यही थोडं पडतं. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरातही पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा असतो. विचार थांबवा असं तिथे कुणी सांगत नाही. लक्ष भरकटलं की परत श्वासावर.

इथे कुणीतरी ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’ (योग म्हणजे चित्ताच्या वृत्ती थांबवणं) हे सूत्र माझ्या अंगावर टाकणार, हे मला माहीत आहे. टाका. ती योगाची व्याख्या आहे आणि तिथे पोहोचायचा रस्ता उरलेल्या ग्रंथात आहे. त्या आठ अंगांच्या रस्त्यावर ध्यान सातव्या अंगाला येतं. पहिलं अंग यम: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. ‘रस्त्यात आहे, पोचतोच’ असं घरातल्या सोफ्यावरून फोनवर सांगणं एक दिवस बंद करून बघा. वीस मिनिटांच्या बैठकीत जेवढं कळेल त्याहून जास्त स्वतःबद्दल संध्याकाळपर्यंत कळेल. फॉरवर्डमध्ये यम-नियमांचा उल्लेखही नाही. साहजिक आहे, त्यांचं सुंदर चित्र काढता येत नाही.

हार्वर्ड. २०११ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयातल्या संशोधकांनी आठ आठवड्यांचा ध्यानाचा कार्यक्रम केलेल्या १६ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले आणि काही भागांत फरक दिसल्याचं लिहिलं. सोळा जण. २०२२मध्ये विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी २१८ जणांवर जास्त काटेकोर चाचणी केली, तेव्हा मेंदूच्या रचनेत असा बदल आढळला नाही. ही दुसरी बातमी अर्थात कुणी ११ जणांना पाठवली नाही. मग ध्यानाने काहीच होत नाही का? होतं. २०१४ साली ४७ चाचण्यांचा, एकूण ३५१५ लोकांचा एकत्र आढावा निघाला. त्यात चिंता आणि नैराश्य थोडं कमी होत असल्याचा बऱ्यापैकी पुरावा मिळाला. औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस असल्याचा मात्र मिळाला नाही. मला हे पुरेसं वाटतं.

ऑक्सिजनचं लवकर आटोपते. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तातलं हिमोग्लोबिन स्वस्थ बसल्या बसल्याच ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. दुप्पट व्हायला जागाच नाही. जोरजोरात श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, म्हणून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. लोक त्यालाच ‘ऊर्जा चढली’ म्हणतात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं ते प्रयोगशाळेसकट. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया, करणाऱ्याच्या पोटाचे एक्स-रे काढून पाहणारा हा योगी. त्यांच्या राज्यात राहून आपण ऑक्सिमीटरवरही विश्वास ठेवू नये?

डॉक्टर लागत नाही, हे वाक्य मात्र नुसतं चुकीचं नाही, घातक आहे. आमच्या वर्गातल्या एका काकांनी ‘आता श्वासच औषध’ म्हणत बीपीची गोळी परस्पर बंद केली होती. मुलीने वेळेत आकडा मोजला म्हणून निभावलं. मनाच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. लांबलचक बैठकांत काहींना भीती दाटून येते, झोप उडते, जुने घाव वर येतात. अशा साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झालाय. ज्यांना पूर्वी तीव्र मानसिक आजार झाला आहे, त्यांनी शिबिराचा अर्ज भरण्याआधी आपल्या मनोविकारतज्ज्ञाशी बोलावं. गोळ्या चालू असतील तर त्या शिबिरातही चालूच ठेवायच्या, बदल करायचा तो डॉक्टरने. पतंजलींच्या त्या नऊ अडथळ्यांत पहिलाच ‘व्याधि’ आहे.

राहिली पुस्तकं. ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ हे तुकोबांचं वचन या वाक्याच्या समर्थनार्थ हटकून येतं. पण तुकोबांची टीका कोरड्या बोलण्यावर आहे, वाचनावर नाही. दुसऱ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात पतंजली तप आणि ईश्वरप्रणिधान यांच्या मधोमध स्वाध्याय ठेवतात, आणि भाष्यकार त्यात जपाबरोबर मोक्षशास्त्राचं अध्ययनही धरतो. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याबद्दल सांगतात तेव्हाही आधी ऐकणं, मग त्यावर विचार, मग ध्यान. इगतपुरीत दहा दिवस वाचायला-लिहायला मनाई असते, हेही कुणी दाखवेल. खरं आहे, आणि रोज संध्याकाळी तासाभराहून मोठं प्रवचन असतं, हेही खरं आहे.

वाचून काय मिळतं, त्याचा एक नमुना देते. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवानाबद्दल मुदिता, म्हणजे आनंद, आणि पाप्याबद्दल उपेक्षा ठेवली की चित्त प्रसन्न होतं, असं सांगणारं सूत्र आम्ही वाचत होतो. एक काकू एकदम हसायला लागल्या. म्हणाल्या, ‘करुणा मला छान जमते हो. कोणाकडे आजारपण असलं की पहिला डबा माझा. पण जावेच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळाली त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं.’ मग प्रत्येकाला आपापली डोकेदुखी आठवली. पुढचं सूत्र त्या दिवशी झालंच नाही. त्या काकू पाच वर्षं नेमाने ध्यान करतात, पण हे त्यांना डोळे मिटून सापडलं नव्हतं. कुणीतरी चार शब्दांत मांडून ठेवलं होतं म्हणून सापडलं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सूत्रं दुसऱ्या पादापासून धरावीत. पहिल्या पादातली समाधीची वर्गवारी नवख्याला जड जाते, ती मागाहून. सोबत ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय, सार्थ प्रत घेऊन, रोज आठ-दहा ओव्या. एकट्याने कंटाळा येत असेल तर दोघं-तिघं मिळून वाचा, आणि बैठक वाचनाच्या आधी ठेवा. नंतर ठेवली तर गप्पांत राहून जाते.