मे महिन्यातले उंदीर: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, भातातल्या उंदरांसाठी विषारी आमिष मे महिन्यातच घाला, असं मी म्हटलं होतं, त्यावर सविस्तर लिहिलंत ते बरं केलंत. तुमचे आक्षेप दोन. मे महिन्यात खाचरात उंदीर दिसतही नाहीत, मग तेव्हा आमिषावर पैसे कशाला घालायचे? आणि जूनच्या पावसात बिळं भरली की उरलेसुरले मरतातच.

दिसत नाहीत हे खरं, आणि म्हणूनच मी मे म्हणतो. कोकणातल्या कोरड्या खाचरात तेव्हा खायला काही नसतं. थोडके उंदीर, घुशी बांधात, गडग्यात (दगडी कुंपणात), गोठ्यात तग धरून असतात. भुकेलेला उंदीर आमिषाला तोंड लावतो. ऑक्टोबरात लोंब्या भरल्यावर तुमचं आमिष हुंगणार कोण?

पावसात काही पिल्लं बुडतात, मान्य. पण घूस पट्टीची पोहणारी. पाणी चढलं की ती बांधावर सरकते. बांध रुंद असला तर तिथेच संसार मांडते. गाभण राहिल्यापासून साधारण 3 आठवड्यांत ती विते, एका वेतात 6-8 पिल्लं सहज होतात, आणि भात पोटरीला आलं (लोंबी अजून काडीच्या पोटातच असते तेव्हा) की विण्याला जोर चढतो. तुम्हाला दिसते ती ही ऑक्टोबरची फौज. त्याआधी फुटव्याच्या वेळी, म्हणजे बुंध्यातून नव्या काड्या फुटताना, कुरतडलेलं भात नवा फुटवा काढून सावरतं. पोटरीत बुंध्याशी तिरका काप बसला की ती काडी गेलीच.

खर्चाचं म्हणाल, तर सगळ्या बिळांत आमिष टाकायला कोणी सांगितलंय? संध्याकाळी बिळं चिखलाने बुजवा, सकाळी उकरलेली तेवढी जिती, आमिष त्यांतच टाका. झिंक फॉस्फाईड हे उंदराचं विष वापरणार असाल तर आधी दोन-तीन दिवस विष न घालता नुसते तेल लावलेले दाणे ठेवा, नाहीतर अर्धवट खाऊन आजारी पडलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला शिवत नाही. आमिष बिळात खोल सारा, बांधावर पसरू नका. कुत्री-कोंबड्यांचा जीव जातो. मेलेले उंदीर पुरून टाका.

एक अडचण मात्र तुम्ही लिहिलीच नाहीत, आणि माझ्या मते खरी तीच आहे. आपली खाचरं एवढीएवढीशी. तुम्ही एकट्याने बिळं साफ केलीत तर शेजारच्या बांधावरचे उंदीर येऊन मोकळी जागा धरतात. पाऊस लागण्याआधी सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात हे केलं तरच उपयोग. कापणीनंतर हेच उंदीर उडवीत (भाताच्या भाऱ्यांच्या राशीत) आणि पुढे कुळीथ-वालाच्या शेतात जातात, म्हणून उडवी जमिनीपासून उंच माचावर रचलेली बरी. तुमच्याकडे बांध किती रुंद आहेत, तेवढं कळवा.