कोठला माल शे?

आमची आई वांग्याला हात लावण्याआधी गाडीवाल्याला विचारते, "भाऊ, कोठला माल शे?" बामणोद म्हणजे भरताच्या वांग्यांचं नावाजलेलं गाव; पण तो "बामणोदचा" म्हणाला तरी ती देठ बघते, वांगं दाबून बघते आणि पुढच्या गाडीवर जाते. जळगावात राहून भरताला भलतं वांगं आणलं तर पाहुण्यांत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

पण जुने बाहुले जमवायच्या नादात मी भिंग घेऊन पावणेचार इंची बाहुल्याची पोटरी बघायला लागलो की याच माउलीला हसू आवरत नाही. "चाळिशी आली, अन् बाहुल्याच्या तंगड्या काय बघतोस?"

तंगडीवरच तर सगळं असतं! अमेरिकेतल्या केनर कंपनीचे स्टार वॉर्स सिनेमाचे पहिले बाहुले 1978 मध्ये दुकानांत आले. पायाच्या मागं मुंगीएवढ्या अक्षरांत 'जी.एम.एफ.जी.आय. 1977, हाँगकाँग' असा ठसा: मालक कंपनीची आद्याक्षरं, साल आणि कारखान्याचं ठिकाण. हे 1977 कॉपीराइटचं साल, बाहुल्याची जन्मतारीख नव्हे; यावर मी आमच्या साडूशी तासभर भांडलोय. पुढं काम तैवान, मकाऊ, चीन असं फिरलं. मेक्सिकोत लिली लेडी कंपनीनं आपले वेगळेच काढले. बाहुला तोच दिसतो, पण कारखाना बदलला की प्लास्टिकची छटा बदलते, रंगाचे फटकारे बदलतात, अन् भावही. काही साच्यांतून नंतर देशाचं नाव खरवडून काढलं. त्याचा व्रण पायावर उमटतो, आणि शौकीन तो व्रणसुद्धा ओळखतात. आपल्याकडच्या फनस्कूल कंपनीनं काढलेल्या जी. आय. जो या सैनिक बाहुल्यांचे अतरंगी रंग पाहून तर अमेरिकेतले लोक वेडे होतात. लहानपणी त्यातले दोन मी विहिरीत बुडवले. असो.

परदेशातून मागवावं तर खेळण्यांवरचा आयातकर 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाला, 2023 मध्ये 70. म्हणून पुण्याच्या एका शौकिनाकडून हाँगकाँगवाला घेतला. किंमत घरात अजून कोणाला माहीत नाही, बायकोनं हे वाचू नये.

रविवारी आंघोळीहून आलो तर बाबा ओट्यावर बसलेले. भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं फिटर होते. खडबडीत काही दिसलं की त्यांचा हात शिवशिवतो. मांडीवर माझा बाहुला, हातात पॉलिशपेपर.

"पायाला कचरा चिकटला होता, घासून टाकला. हात लावून बघ, कसा लोण्यासारखा झाला."

मी हात लावून बघितला. खरंच लोणी. हाँगकाँग गेलं, 1977 गेलं. कारखान्यानं खरवडलं तर दुर्मीळ, बाबांनी खरवडलं तर भंगार!

माझा चेहरा बघून बाबा वरमले. आत गेले, पत्र्याचा डबा खडखडवत आले.

"एवढंच ना? अक्षरांचे पंच आहेत माझ्याकडे. बोल, काय ठोकू? हाँगकाँग?"

स्वयंपाकघरातून वांगं भाजल्याचा वास आला, आणि पाठोपाठ आईचा आवाज. "बामणोद ठोका हो, लवकर खपंल!"