उकळल्यावर ते विष जाते कुठे?

मावशीने काल एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मी आठवडाभर असेच करते आहे, पुरेसे आहे ना?’ संदेशाचा दावा असा: पाण्यात पेट्रोल, रंग किंवा सॉल्व्हंटचे अंश उतरले असले तरी घाबरू नये, पाणी दहा मिनिटे खळखळून उकळावे, तुरटी फिरवावी, म्हणजे सगळी रसायने उडून जातात, वास येत नसेल तर तेवढेही करण्याची गरज नाही. हा सल्ला यापूर्वीही अनेकदा वाचला होता आणि सोडून दिला होता. आता तो रोज मावशीच्या गॅसवर उकळतो आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. पेट्रोलमधले बेंझीन, सॉल्व्हंट म्हणून वापरले जाणारे ट्रायक्लोरोएथिलीन यांसारखी सहज वाफ होणारी (बाष्पनशील) सेंद्रिय संयुगे, म्हणजेच व्हीओसी, उकळत्या पाण्यातून खरोखरच बाहेर पडतात. परंतु ‘उडून जातात’ म्हणजे नाहीशी होतात असे नव्हे. ती भांड्यातून निघून, भांड्यावर वाकलेल्या माणसाच्या श्वासात जातात. पाण्यात लिटरमागे २,००० मायक्रोग्रॅम बेंझीन आहे आणि तुम्ही पाच लिटर पाणी उकळले, असे समजा. त्यातून १० मिलिग्रॅम बेंझीन हवेत येऊ शकते. स्वयंपाकघर साधारण २० घनमीटरचे आणि खिडक्या बंद असतील, तर हवेतील प्रमाण घनमीटरमागे ५०० मायक्रोग्रॅम होते. युरोपीय संघाने बाहेरच्या हवेसाठी ठरवलेली मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. ती वर्षाच्या सरासरीची आहे आणि खिडकी उघडल्यास आकडा उतरेल, हे खरे; पण मावशी हे रोज करते आहे, आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे.

२,००० हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव २०१८च्या वणव्यात जळाले, तेव्हा तिथल्या जलवाहिन्यांतील काही नमुन्यांत बेंझीन याहूनही अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे. तिथल्या रहिवाशांना मिळालेली सूचना ‘उकळून प्या’ अशी नव्हती. ‘पिऊ नका आणि उकळूही नका’ अशी होती. जंतूंसाठीचा उपाय रसायनांना लावणाऱ्यांनी ही सूचना दोनदा वाचावी.

वासाचा मुद्दा तर त्याहून घातक आहे, कारण तो काहीच न करण्याची मुभा देतो. पाण्यातील बेंझीनचा वास नाकाला जाणवतो तोवर त्याचे प्रमाण त्या मार्गदर्शक मूल्याच्या शंभर पटींहूनही पुढे गेलेले असते.

तुरटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती गढूळपणाचे कण एकत्र आणून तळाशी बसवते. पाण्यात विरघळलेल्या बेंझीनवर तिचा परिणाम होत नाही. पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातील यूव्ही दिवाही जंतूंसाठीच असतो.

मग उपाय कोणता? रसायने हवेत उडवण्याचे हेच काम मोठ्या प्रमाणावर नीट केले जाते, त्याला एअर स्ट्रिपिंग म्हणतात: उंच मनोऱ्यात पाणी वरून झिरपत येते, खालून हवेचा झोत सोडतात, आणि गरज असेल तिथे बाहेर पडणारी हवाही गाळून मगच सोडतात. घरासाठी सक्रिय कार्बनचा, म्हणजे रसायने चिकटवून घेणाऱ्या खास कोळशाचा, फिल्टर उपयोगी पडतो, मात्र तो व्हीओसीसाठी प्रमाणित असावा आणि वेळेवर बदलावा, कारण कार्बन भरला की रसायने पुढे सरकू लागतात. व्हिनाइल क्लोराइड हे पीव्हीसी प्लास्टिक बनवण्याचे रसायन तर त्याला नीट चिकटतच नाही. म्हणून पाण्यात नेमके काय आहे हे आधी कळले पाहिजे.

मावशी, त्यासाठी न उकळलेले पाणी तपासायला दे. प्रयोगशाळेकडूनच काचेची छोटी बाटली घे आणि ती हवेचा एकही बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भर. अर्धी भरलीस तर रसायने वरच्या पोकळीत जातील आणि अहवालात पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसेल.