टाकीतले मोजमाप आणि कॅप्सूलमधली मात्रा

‘अँटिबायोटिक टाकीत आंबवून तयार करतात; त्यात ते किती झाले हे कोणीच मोजत नाही, फेस आणि वास पाहून टाकी उतरवतात; म्हणून कोणती कॅप्सूल जहाल निघेल याचा नेम नसतो, तेव्हा अर्धीच घ्यावी’ असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरत आहे. तो वाचून माझ्या मावशींनी अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल उघडून अर्धी पूड टाकून द्यायला सुरुवात केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘कोणीच मोजत नाही’ हे धादांत खोटे आहे. पेनिसिलिनच्या फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतून, ठरावीक वेळाने नमुना काढतात, गाळतात आणि एचपीएलसी या मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर त्यातील पेनिसिलिन व त्यासाठी पुरवले जाणारे फेनिलॲसिटिक आम्ल वेगवेगळे मोजतात. हे आम्ल कमी पडले तर उत्पादन घटते आणि जास्त झाले तर पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीलाच बाधते. फेसावर लक्ष असते, पण ते टाकी उतू जाऊ नये म्हणून.

जुन्या पद्धतीत मोजमापाला उशीर लागतो, एवढे मात्र खरे. 1940 च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये शास्त्रज्ञ नॉर्मन हीटली यांनी बसवलेल्या पद्धतीत जिवाणू पेरलेल्या अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, छोटी नळकांडी उभी करून त्यांत नमुना भरतात आणि रात्रभर उबवल्यावर भोवती जिवाणू न वाढलेल्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास मोजतात. प्रमाण दुप्पट झाले म्हणून वर्तुळ दुप्पट होत नाही, त्यामुळे शेजारी तुलनेसाठी ठाऊक प्रमाणाचे प्रमाणित द्रावण ठेवावेच लागते. 1944 साली ठरलेले आंतरराष्ट्रीय एकक, म्हणजे 0.6 मायक्रोग्रॅम पेनिसिलिन, अशा तुलनेसाठीच होते.

टाकीच्या दर खेपेला उत्पादन कमीजास्त येते, हेही कबूल. पण त्यावरून कॅप्सूल जहाल ठरवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, कारण अमॉक्सिसिलिन त्या टाकीत तयारच होत नाही. टाकीतले पेनिसिलिन गाळून, द्रावकात ओढून, स्फटिकरूपात वेगळे करतात. एन्झाइमने त्याच्या रेणूची बाजूची साखळी तोडून 6-एपीए हा पेनिसिलिनचा गाभा मिळवतात आणि त्याला नवी साखळी जोडल्यावर अमॉक्सिसिलिन होते. त्या पुडीची शुद्धता तपासून मगच ती वजनाने भरतात. टाकीतल्या आकड्यावरून माल किती निघेल हे ठरते, कॅप्सूलमधली मात्रा नव्हे. अमेरिकी फार्माकोपिया या औषधांच्या दर्जाच्या मानकग्रंथानुसार अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमध्ये लेबलवरील मात्रेच्या 90 ते 120 टक्के औषध असावे लागते. अर्धी पूड टाकणारा माणूस स्वतःहून 50 टक्क्यांवर उतरतो. पेनिसिलिन गटातील औषधांचा गुण रक्तातील पातळी जंतूंना रोखण्याइतकी किती वेळ टिकते यावर अवलंबून असतो, आणि मात्रा निम्मी केली की नेमका तोच वेळ आखडतो.